बुडबुडा, पाणी आणि कातळ

कराडच्या बोअरहोल जिओफिजिक्स रिसर्च लॅबोरेटरीत दगडाच्या पेट्या रचून ठेवल्या आहेत. कोयनेच्या परिसरात दीड-दीड किलोमीटर खोल विंधणं घेऊन जमिनीच्या पोटातून हा खडक वर काढला. पेटीत खाचा, खाचेत बत्त्यासारखे गोल, गुळगुळीत दगडी दांडे, कडेला खोलीचे आकडे. भूवैज्ञानिक याला ‘कोर’ म्हणतात. तुम्ही त्यातला एक दांडा उचला. वाटतो त्यापेक्षा जड आहे, दोन्ही हात लावा.

काळपट करडा दगड आणि त्यात हरभऱ्याएवढे, वाटाण्याएवढे पांढरे ठिपके. विहीर फोडणारी माणसं अशा खडकाला मांजऱ्या म्हणतात. त्यातला एक ठिपका निवडा आणि त्यावर सौम्य आम्लाचा एक थेंब टाका. भूवैज्ञानिक रानात फिरताना अशी छोटी बाटली जवळ ठेवतातच. थेंब पडताच पांढरं फसफसून वर येतं, बारीक बुडबुडे उठतात, फुटतात. बाजूच्या काळ्या दगडावर दुसरा थेंब टाकलात तर तो नुसता ओला होतो.

फसफसला तो कॅल्साइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आणि बुडबुड्यांतून सुटला तो कार्बन डायऑक्साइड, लाखो वर्षं या ठिपक्यात दगड होऊन बसलेला. वीजकेंद्राच्या आणि सिमेंटच्या कारखान्याच्या चिमणीतून निघतो तोच वायू. तो परत जमिनीत घालून असाच दगड करता येईल का, आणि घालताना तो खडक आपल्याशी कसा वागेल, हे दोन प्रश्न घेऊन आज जगभर माणसं प्रयोगशाळांत आणि विहिरींच्या तोंडाशी बसलेली आहेत. पहिला प्रश्न रसायनाचा, दुसरा खडकाच्या बळाचा. दुसऱ्याकडे आपलं कमी लक्ष जातं, म्हणून तुम्हांला घेऊन निघालो आहे. दांडा हातातून सोडू नका.

सहा कोटी साठ लाख वर्षं मागे.

पायाखालची जमीन सह्याद्रीची म्हणावी, तर सह्याद्री अजून झालेलाच नाही. भारताचा तुकडा दक्षिण गोलार्धात आहे आणि भूखंडांच्या मानाने घाईघाईने उत्तरेकडे सरकतो आहे. तुम्ही एका उघड्या, काळ्या माळावर उभे आहात. हवेत गंधकाचा उग्र वास, घसा खवखवतो. समोरून लाव्हा येतो आहे. ज्वालामुखी म्हटलं की टोकदार डोंगर आणि त्यातून उडणारी आग डोळ्यांसमोर येते. इथे तसं काही दिसत नाही. जमिनीला लांबच लांब भेगा गेल्या आहेत आणि त्यांतून हजार अंशांहून तापलेला रस काकवीसारखा पसरतो आहे. वरची साय लगेच काळी पडते, आतून रस येतच राहतो, साय फुगते, अख्खा थर पुरुषभर, दोन पुरुष वर उचलला जातो.

वाकून त्या सायीखाली पाहता आलं असतं, तर बुडबुडे दिसले असते. पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, गंधकाचे वायू, सगळे रसातून सुटून वर धावताहेत. बरेचसे निसटतात आणि हवेत जातात. उरलेले सायीखाली अडकतात, आणि रस गोठतो तेव्हा त्यांच्या जागी गोल, लांबट पोकळ्या राहतात. म्हणून दख्खनच्या प्रत्येक थराचं माथं असं भोकाभोकांचं आणि पोट घट्ट. घट्ट पोट थंड होताना आकसतं आणि उभं तडकतं. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे खांब असेच थंड होताना तडकून झालेले.

थोडं थांबा, म्हणजे काही शतकं किंवा काही हजार वर्षं. पाऊस पडतो, वरचा दगड कुजतो, त्याची लाल माती होते. मग पुन्हा भेग उघडते आणि नवा रस त्या मातीला भाजून काढत वरून जातो. घाटातल्या कापात दोन काळ्या थरांमध्ये जी गेरूची तांबडी पट्टी दिसते, ती या विश्रांतीची खूण. कोयनेजवळ रासाटीला घेतलेल्या विंधणात असे चाळीसहून अधिक थर एकावर एक सापडले, सगळे मिळून सुमारे ९३० मीटर. आज हा काळा पसारा महाराष्ट्र, मध्य प्रदेश, गुजरात, कर्नाटक, तेलंगण मिळून सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर आहे, आणि तो अरबी समुद्राखालीही गेलेला आहे.

मला या जागी दरवेळी थबकायला होतं. आज ज्या खडकाकडे आपण कार्बन ठेवायला म्हणून आशेनं पाहतो, त्यानं जन्मताना स्वतःच अफाट कार्बन हवेत सोडला होता. आणि तोच खडक नंतर कोट्यवधी वर्षं पावसाच्या हातून तो कार्बन परत घेत आला. पाऊस हवेतला वायू थोडासा विरघळवून घेतो, किंचित आंबट होतो, दगडात मुरतो. दगडातलं कॅल्शियम त्याला भेटतं आणि पोकळीच्या भिंतीवर पांढरा कण बसतो. एकावर एक कण बसत गेले की पोकळी भरते. कॅल्साइटसोबत झिओलाइट आणि गारगोट्याही येतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात लोक रांगा लावून पाहतात ते स्फटिक अशाच पोकळ्यांमधले. काळ्या रानातली चुनखडी हीसुद्धा याच घराण्यातली. शेतकरी तिला नावं ठेवतो, पिकं पिवळी पडतात म्हणून. पण आपल्या किल्ल्यांचे आणि वाड्यांचे दगड जिच्या चुन्यानं जोडले ती हीच. खडे भट्टीत भाजले की त्यांतला वायू पुन्हा आभाळात.

खडकाला कार्बन धरता येतो, हे कुणी नव्यानं शोधून काढायला नको होतं. त्याला घाई करायला लावता येते का, एवढंच पाहायचं होतं. पण घाई म्हणजे पंप, आणि पंप म्हणजे दाब. म्हणून आता १९६२ साली चला.

कोयनेच्या दरीत पाणी चढतं आहे. धरणाची उंची १०३ मीटर. हेळवाकच्या बाजूला उभे राहिलात तर भिंतीमागे शिवाजीसागर रोज थोडा थोडा पसरताना दिसेल. गावं पाण्याखाली गेली आहेत, माणसं सामान बांधून दुसरीकडे उठून गेली आहेत. मागे राहिलेल्यांनी थोड्याच दिवसांत एक नवी गोष्ट सांगायला सुरुवात केली: रात्री जमिनीतून गडगड ऐकू येते. भांडी वाजतात. मेघ नाहीत आणि गडगडतंय.

त्याच वर्षी, मार्च महिन्यात, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला अमेरिकेतल्या डेन्व्हर शहराजवळ लष्कराचा एक रासायनिक कारखाना, रॉकी माउंटन आर्सेनल, आपलं विषारी सांडपाणी ३,६७१ मीटर खोल विहिरीत ढकलायला लागतो. महिन्याभरात तिथेही जमीन हलू लागते. १९६५ साली डेव्हिड इव्हान्स नावाचा भूवैज्ञानिक दोन आलेख शेजारी शेजारी ठेवतो. एका आलेखात दर महिन्याला किती सांडपाणी ढकललं, दुसऱ्यात किती धक्के बसले. पंप जोरात चालला तेव्हा धक्के वाढलेले, थांबला तेव्हा कमी झालेले. फेब्रुवारी १९६६ मध्ये विहीर बंद होते. तरीही सगळ्यात मोठे धक्के येतात ते १९६७ साली, पंप थांबल्यावर दीड वर्षानं.

आणि आता, मनाविरुद्ध, तुम्हांला कोयनानगरला न्यायला हवं. ११ डिसेंबर १९६७, सोमवार, पहाटेचे चार वाजून एकवीस मिनिटं.

थंडी कडाक्याची आहे. तुम्ही एका मातीच्या घरात, चुलीच्या उबेला आडवे झालेले आहात. आधी कुत्री ओरडतात. मग तो आवाज, पाच वर्षं ऐकलेला, पण आज तो थांबत नाही. खालून कुणी तरी घरालाच खांदा दिल्यासारखं होतं आणि नंतर सगळं आडवं हालू लागतं. उतरंडीची गाडगी कोसळतात. अंधारात कुणी ओरडतं, ‘‘आये, पोरास्नी घे, भाईर पळ!’’ दारापर्यंत चार पावलं, पण ती पडत नाहीत; जमीन पावलाखाली थारत नाही. भिंत आतल्या अंगाला येते. बाहेर पडलात तर धुळीचा लोट आणि त्यात माणसांच्या हाका, एकमेकांची नावं.

६.३ तीव्रतेचा तो धक्का होता. पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली, दोन हजारांहून अधिक जखमी झाली, कोयनानगरची घरं भुईला मिळाली. धरण उभं राहिलं, पण त्याच्या काँक्रीटला तडे गेले. पुण्या-मुंबईला माणसं झोपेतून उठून बसली. दख्खनचं पठार म्हणजे जुनं, भक्कम, न हलणारं, असं तोवर शाळेत शिकवत होते.

उजाडू द्या. त्या पडझडीत तुम्हांला एक जातं दिसेल, शाबूत. जात्याला काय होणार? त्याच काळ्या दगडाचं ते. त्याच्यापाशी बसा, कारण रात्री काय घडलं ते जातंच उत्तम सांगतं.

दोन तळ्या. खालची बसलेली, वरची तिच्यावर टेकलेली. वरच्या तळीला एका बाजूनं रेटा दिला तरी ती चटकन हलत नाही, कारण तिचं वजन तिला खाली दाबून धरतं आणि टाकी लावलेले खडबडीत पृष्ठ एकमेकांत अडकतात. जमिनीतला भ्रंश, म्हणजे खडकातली सरकणारी चीर, असाच असतो, फक्त तळ्या मैलोन् मैल लांब आणि बहुधा उभ्या. एक किलोमीटर खोलीवर वरच्या बेसाल्टचा भार दर चौरस सेंटीमीटरला सुमारे पावणेतीनशे किलो होतो. भूखंडांचा रेटा त्यात आणखी आडवा ताण भरतो. त्या दाबाखाली भ्रंशाच्या दोन बाजू एकमेकींना घट्ट धरून असतात आणि रेटा वर्षानुवर्षं साठत जातो.

आता दोन तळ्यांच्या फटीत पाणी शिरलं समजा, आणि ते दाबाखालचं आहे. पाणी चहूकडे सारखं दाबतं, म्हणजे वरच्या तळीला वर उचलायलाही बघतं. तळीचा काही भार पाण्यानं पेलला की दगडावर दगडाची पकड तेवढी सुटते. टाकी तशीच आहे, रेटा तेवढाच आहे, आणि तळी निसटते. पाण्यानं दगड ओला होऊन घसरडा झाला, असा बऱ्याच जणांचा समज असतो. घसरडेपणाचा इथे संबंध फार थोडा. छिद्रांतल्या पाण्याचा दाब भारातून वजा होतो, ही खरी किल्ली. कार्ल तर्झागीनं ती १९२०च्या दशकात मातीसाठी शोधली. हबर्ट आणि रूबी यांनी १९५९ मध्ये ती खोल खडकातल्या भ्रंशांना लावली. जेम्स बायर्लीनं १९७८ साली दाखवून दिलं की जवळपास कुठलेही दोन खडक घ्या, त्यांची घासण ०.६ ते ०.८५ या आकड्यांत बसते. बेसाल्ट असो, ग्रॅनाइट असो, टाकी साधारण तीच.

मग कोयनेचा हिशेब करून पाहा. एक किलोमीटर खोलीवर दगडाचा भार पावणेतीनशे किलो, तिथल्या नैसर्गिक पाण्याचा दाब शंभर किलो. आणि तलाव काठोकाठ भरला तरी तळाशी त्यात भर पडते ती आठ-दहा किलोंची. त्यातलाही थोडाच भाग भेगाभेगांतून मुरत खोल पोचतो, तोही महिने-वर्षं घेऊन. एवढ्याशा भरीनं ६.३ चा भूकंप होतो याचा अर्थ भ्रंश आधीच कडेलोटाशी येऊन उभा होता. तलावानं त्याला फक्त बोट लावलं. म्हणून कोयनेकडे पाहताना पाणी किती, एवढंच विचारून भागत नाही. खालचा खडक आधीपासून किती ताणलेला होता, हे आधी विचारायचं. भूकंपशास्त्रज्ञ हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न दशकांमागून दशकं लावून धरला. कोयना-वारणेचा सुमारे ३० गुणिले २० किलोमीटरचा टापू तेव्हापासून आजवर हलतोच आहे.

१९६९ साली कोलोरॅडोत एक मुक्काम करू, फार वेळ नको. रेंजली नावाचं तेलक्षेत्र. तेल वर ढकलण्यासाठी तिथे खाली पाणी घालत होते आणि बारीक धक्के बसत होते. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लोकांनी ठरवलं की भूकंपाचा नळ चालू-बंद करून बघायचा. त्यांनी तिथला वालुकाश्म प्रयोगशाळेत नेला, दाबाखाली घासला, खोलीवरचा ताण मोजला आणि सांगितलं: छिद्रांतला दाब सुमारे २५७ बारच्या वर गेला की भ्रंश निसटेल. मग पंप चालू केला, धक्के आले. दाब त्या रेषेखाली आणला, भ्रंशाच्या आसपासचे धक्के थांबले. पुन्हा वाढवला, पुन्हा आले. हातात मावणाऱ्या दगडावर काढलेला आकडा दोन किलोमीटर खाली खरा ठरला. पुढे वायू जमिनीत ठेवण्याचा विचार करणाऱ्या प्रत्येकाला हा प्रयोग ठाऊक असावाच लागतो.

उत्तर समुद्रातलं स्लायप्नर वायुक्षेत्र १९९६ पासून वर्षाला सुमारे दहा लाख टन कार्बन डायऑक्साइड समुद्रतळाखालच्या वाळूच्या थरात ठेवत आलं, तेही विशेष कुरबुर न होता. अल्जीरियाच्या वाळवंटात इन सालाहला मात्र २००४ नंतर उपग्रहांना विहिरींभोवतीची जमीन वर्षाला काही मिलिमीटर वर उचललेली दिसली. खालचा खडक फुगत होता. वरच्या झाकणदगडाची काळजी वाटू लागली आणि २०११ मध्ये पंप थांबवले. दोन्ही ठिकाणी वायू वायूच राहतो, फक्त दाबानं घट्ट होऊन. पाण्यापेक्षा हलका, म्हणून सदैव वर यायला टपलेला, आणि म्हणून वर धड झाकण लागतं. त्याचा दगड व्हायचा तर खडक बेसाल्टसारखा हवा.

त्यासाठी आइसलँड. २०१२ चा जानेवारी, हेल्लिसहेइदीचं पठार.

तुम्ही गुडघाभर बर्फात आहात आणि जमिनीतून वाफ येते आहे. पायाखाली काळा दगड, त्यात भोकं. क्षणभर साताऱ्याच्या पठारावर आल्यासारखं वाटेल. हा आपल्या दगडाचा धाकटा भाऊ, वयानं फारच लहान, पोकळ्या अजून बऱ्याचशा रिकाम्या. भूऔष्णिक वीजकेंद्राची वाफ वर येताना थोडा कार्बन डायऑक्साइडही आणते. तो वायू पाण्यात विरघळवून खाली सोडायचा, असा कार्बफिक्स प्रकल्पाचा बेत आहे. सोड्याची बाटली हलवून बुच मारावं तसं, पण खोलीवरच्या पाण्याच्या दाबाखाली, म्हणजे तिथे एकही बुडबुडा उरत नाही. विरघळलेल्या वायूचं पाणी साध्या पाण्यापेक्षा किंचित जड असतं. ते वर यायला बघत नाही, बुडतं. झाकणदगडाची चिंता इथे बरीचशी मिटते. खाली ४०० ते ८०० मीटरवर ते आंबट पाणी बेसाल्टला भिडतं, त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह सोडवतं, स्वतःचा आंबटपणा गमावतं आणि पोकळीच्या भिंतीवर पांढरं बसू लागतं. सह्याद्रीत पावसानं केलेलं काम इथे नळीतून चाललं आहे.

जानेवारी ते मार्च १७५ टन वायू खाली गेला. कळणार कसं की दगड झाला? त्यासाठी खाली जाणाऱ्या कार्बनला किरणोत्सारी कार्बन-१४ ची खूण करून ठेवली होती. पाणी जाईल तिथे खुणेचा कार्बनही जायला हवा. शंभर-सव्वाशे मीटरवरच्या निरीक्षण विहिरीत पाणी पोचलं, पाण्याची वेगळी खूण पोचली, पण कार्बन जवळजवळ आलाच नाही. वाटेत कुठे तरी तो थांबला होता. दीड वर्षाच्या सुमारास त्या विहिरीतला पंप बंद पडला. तुम्ही विहिरीच्या तोंडाशी उभे राहा, पंप वर येताना पाहा. धातूवर खपली चढली आहे, कॅल्साइटची. तपासणीत त्या खपलीत तोच खुणेचा कार्बन निघाला. २०१६ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात निष्कर्ष छापून आला: खाली घातलेल्या कार्बनपैकी ९५ टक्क्यांहून अधिक दोन वर्षांच्या आत दगड झाला होता. शेकडो-हजारो वर्षं लागतील असा तोवरचा अंदाज होता.

मीही ही बातमी पहिल्यांदा वाचली तेव्हा हरखून गेलो होतो. आपल्याकडे पाच लाख चौरस किलोमीटर बेसाल्ट! पण हेल्लिसहेइदीतच थोडं मागे यावं लागतं, सप्टेंबर २०११ मध्ये, जवळच असलेल्या हुस्मूली नावाच्या उतारावर. वीजकेंद्राचं वापरून झालेलं पाणी तिथे नव्यानं जमिनीत परत सोडायला सुरुवात केली आणि भ्रंश हलू लागले. १५ ऑक्टोबरला चारच्या आसपास तीव्रतेचे दोन धक्के बसले. जवळच्या ह्वेरागेर्दी गावातली माणसं घाबरली, चिडली. त्यांची घरं कोयनेसारखी पडली नाहीत, पण खालून कुणी तरी आपल्याला न विचारता घर हलवतंय, ही भावना तीच. कार्बफिक्सचा पुढचा, मोठा टप्पा २०१४ मध्ये याच हुस्मूलीत सुरू झाला. एकाच डोंगराच्या पोटात वायूचा दगड होतो आणि दाबानं जमीनही हलते. दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्याशिवाय तिथे काम करताच येत नाही.

आणि पाणी. एक टन कार्बन डायऑक्साइड विरघळवायला सुमारे २५ टन पाणी लागतं. हेल्लिसहेइदीत वर्षाला साधारण बारा हजार टन वायू जिरवला जाऊ लागला. चंद्रपूरचं २,९२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र अर्ध्या क्षमतेनं चाललं तरी तेवढा वायू दिवस मावळायच्या आत सोडतं. त्याला लागणारं पाणी विदर्भ-मराठवाड्यात मागायचं कुणाकडे? समुद्राच्या पाण्यावर प्रयोग सुरू आहेत, आणि मुंबईच्या पश्चिमेला समुद्राखालीही आपला काळा दगड आहेच. मला ती वाट जास्त आशेची वाटते.

आता आजच्या काळात, एका प्रयोगशाळेत. काचेपलीकडे एक संशोधक बाई बसल्या आहेत. तुम्ही त्यांच्या मागे उभे राहा. पोलादी भांड्यात बेसाल्टचा छोटा दांडा आहे, रबराच्या बाहीत गुंडाळलेला. बाहेरून तेलाचा दाब, म्हणजे वरच्या किलोमीटरभर खडकाचा भार. वरून यंत्राचा दट्ट्या, म्हणजे भूखंडांचा रेटा. मधल्या बारीक भोकातून कार्बन डायऑक्साइड विरघळलेलं पाणी. हे भांडं म्हणजे खोलीचं सोंग. दगडाला चिकटवलेले संवेदक आतली बारीकशी भेगही ऐकतात. आपल्या कानांना ती ऐकू येत नाही, पडद्यावर ठिपका उमटतो.

बाईंना नेमकं काय हवं आहे? आंबट पाणी शिरतं तिथे ते दगडातले बंध विरघळवतं, म्हणजे तिथे तो कमकुवत होतो. थोडं पुढे कॅल्साइट बसतो, तिथे पोकळ्या भरतात, दगड कदाचित घट्ट होतो, पण पाण्याची वाटही बुजते. वाट बुजली आणि पंप तसाच चालू राहिला तर मागे दाब तुंबतो. दाब तुंबला की जात्याची तळी. शिवाय स्फटिक वाढताना जागा मागतो. पुरेशी जागा नसली तर भिंतीला रेटतो, आणि त्या रेट्यानं नवी भेग पडू शकते, म्हणजे पाण्याला नवी वाट. बुजणं जिंकेल की तडकणं, हे दगडागणिक, खोलीगणिक बदलतं. त्यासाठी दिवसच्या दिवस एका दांड्यापुढे बसून ठिपके मोजावे लागतात. रात्रभर पडद्यावर काही नाही, मग पहाटे एक ठिपका, थोड्या वेळानं दोन. बाई वहीत वेळ लिहितात आणि दाब थोडा कमी करतात. दख्खनच्या खडकात टनावारी वायू सोडण्याची भाषा बोलणाऱ्या प्रत्येकानं एकदा तरी या खोलीत रात्र काढावी, असं मला मनापासून वाटतं.

शेवटचा मुक्काम, २०१७, कोयनेच्या दक्षिणेकडचं गोठणे. झाडीत उंच मनोरा, इंजिनांची घरघर, रात्रंदिवस. भूकंप जिथे जन्मतात त्या खडकात उतरून पाहायचं, म्हणून तीन किलोमीटरचं विंधण चाललं आहे. सव्वा किलोमीटर बेसाल्टचे थर भेदून गिरमिट खालच्या ग्रॅनाइटी खडकात शिरलं आहे, अडीचशे कोटी वर्षांहून जुन्या. मध्ये गाळाच्या खडकाची जाड गादी नाही. पुढे या छिद्रातल्या मोजमापांनी जुना संशय पक्का केला: इथला खडक ताणाच्या अगदी कडेवर उभा आहे, थोड्याशा बदलानंही हलेल असा. दख्खनमध्ये वायू कुठे सोडू नये, याचा पहिला ठिपका नकाशावर इथे पडतो. इतर जागा शोधायच्या तर तिथेही आधी असंच खाली उतरून ताण मोजावा लागेल, आणि किल्लारीच्या भूकंपानं १९९३ मध्ये शिकवलं आहे की वरून शांत दिसणाऱ्या रानाची हमी देता येत नाही.

दुपारची वेळ आहे. डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन जवळच्या वाडीतली एक म्हातारी कुंपणापाशी थांबते. सदुसष्ट साली ती दहा-बारा वर्षांची असेल. मनोऱ्याकडे बघते, मग पिवळं शिरस्त्राण घातलेल्या पोराकडे.

‘‘एवढं खोल कशापायी रं बाबा? पाणी लागलं का?’’

पोरगा परगावचा, जरा गोंधळतो. ‘‘पाण्यासाठी नाही आजी. भूकंपाचा अभ्यास आहे.’’

‘‘आसंना का. लागलं का न्हाई, त्ये सांग.’’

त्याला तेव्हा ठाऊक नव्हतं. पुढे तपासण्या झाल्या तेव्हा कळलं, लागलं होतं. तीन किलोमीटर खोलीपर्यंत पाणी होतं, आणि ते पावसाचं होतं.